अरुणाताईंची शाळा आणि निशिकांतकाकांच्या अकरा हरकती

व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीत विराजमान झालेले आजच्या सोहळ्याचे सन्माननीय अध्यक्ष श्री. निशिकांतराव उपासनी, प्रमुख पाहुणे श्री. प्रतापराव निमकर, ज्यांच्यासाठी हा हॉल आज भरला त्या आपल्या सत्कारमूर्ती, रविवारच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका सौ. अरुणाताई वैशंपायन, शिक्षिका, पालक, विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी बटाटेवड्यांच्या ट्रेजवळ आधीच जाऊन उभे राहिलेले माझे दूरदर्शी मित्र, सर्वांना रुचिरचा सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंच्या पुढ्यातली पितळी घंटा तुम्हाला दिसतेच आहे. वर्गात कुणी विषय सोडला की ती वाजते. माझ्यासाठी आज ती मुद्दाम पुसून ठेवली आहे, असं कळलं.

आता मी कोण? मी इथे कुणाचा पालक नाही, शिक्षक तर नाहीच नाही. डिप्लोमा तीनदा सुरू केला आणि तीनदा सोडला. मग गोवा, मग कांडला, मग इथे सिंगापुरात, तुआसला जहाजं दुरुस्त करायचं यार्ड. चार वर्षांपूर्वी एका रविवारी बेडोकच्या हॉकर सेंटरवर नाश्ता करून उगाच हिंडत होतो, तर एका कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या संकुलाच्या, फंक्शन रूममधून आवाज आला, "बे एके बे, बे दुणे चार." माणूस दोन वर्षं तमिळ, चिनी, मलय ऐकत असेल आणि अचानक बेचा पाढा कानावर पडला, तर तो काय करेल? आत घुसेल. मी घुसलो. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"उशीर केलात. कुणाचे बाबा तुम्ही?"

"कुणाचाच नाही."

"मग मोकळे आहात. त्या खुर्च्या लावा."

तेव्हापासून लावतोय. तशी यार्डातसुद्धा एकदा चाळीस खुर्च्यांचं एक जहाज आलं होतं, म्हणजे प्रवासी बोट, तिच्या...

वाजली. बरोबर आहे, ताई.

तर मूळ मुद्दा. दोन हजार सातमध्ये तो कॉन्डो एन-ब्लॉक, म्हणजे अख्खाच्या अख्खा, बिल्डरला विकला गेला. डिसेंबरमध्ये बुलडोझर येणार, म्हणजे आपली एकशे चार मुलं आणि एक हार्मोनियम रस्त्यावर. ताईंनी लिटिल इंडियात एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या शोधल्या. मोडक्या होत्या, पण भाड्याने का होईना, आपल्या होणार होत्या. खोल्यांच्या डागडुजीसाठी त्यांनी योजना काढली शाळा-रोख्यांची. प्रत्येक घराने पाचशे डॉलरचा एक रोखा घ्यायचा, व्याज शून्य, पाच वर्षांनी मुद्दल परत. साठ रोखे खपले की खोल्या. नाही खपले तर शाळा बंद. इतकं सोपं.

आणि समोर बसले होते कोण? सिंगापूरचे मराठी बँकर! दिवसभर जगातल्या सरकारांचे रोखे विकत घेणारी माणसं ही. पाचशे डॉलर ऐकून त्यांना घाम फुटला.

श्रीनिवास देव उठले. "ताई, या रोख्याला रेटिंग काय?"

"वर्तणूक समाधानकारक," ताई म्हणाल्या.

हॉल हसला, पण रोखा कुणी घेतला नाही. मग निशिकांतकाका उभे राहिले. काका, आज तुम्ही अध्यक्ष आहात, मी बेताने बोलतो. तुम्ही म्हणालात, "रविवारच्या दोन तासांसाठी माडी कशाला? आमचा आर्यन इथे तीन वर्षं येतोय. काल मी म्हटलं, जेवायला ये. तर इथल्या इंग्रजीत म्हणतो, 'लेटर, लाह!' याला मराठी शाळा म्हणतात? खोल्या बदलू नका, नेतृत्व बदला."

ताईंनी फक्त घंटा उचलून पिशवीत ठेवली. मी त्यांना घंटा उचलताना पाहिलं होतं हजारदा, पण न वाजवता ठेवताना पहिल्यांदा.

मतदान पुढच्या रविवारी ठरलं. शनिवारी मला दोन गठ्ठे मिळाले. एक ताईंचा, रोख्यांचं निवेदन, दोन पानं. दुसरा काकांचा, 'अकरा हरकती', चार पानं. आपली लोकशाहीच अशी, की सत्ताधारी आणि विरोधक दोघांचीही झेरॉक्स काढायला माणूस एकच. काकांनी बजावलं होतं, "हे वेगळं वाटायचं हं, रुचिर. दाराशी. वेगळं."

मी सेरंगून रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही गठ्ठे दिले, "नव्वद कॉपी, पिन मारून," म्हणालो, आणि समोर गरम जिलेबी दिसली. तिथला हलवाई मूळचा बिकानेरचा निघाला. त्याच्या चुलत्याने उंटावरून...

वाजवू नका, वाजवू नका, आलो विषयावर.

परत आलो तर दुकानदाराने सहा पानांची एकच चोपडी करून ठेवली होती. वर ताईंचं निवेदन, खाली काकांच्या हरकती, एका पिनेत! आणि काकांनी नाव कुठेच घातलं नव्हतं. त्यांना वाटलं, भाषेवरून कळेलच. मी गठ्ठा न बघताच घरी नेला, मला हे कळलं रविवारी सकाळी, एमआरटीच्या गाडीत, सभेला वीस मिनिटं उरली असताना. नव्वद पिना दाताने काढणार का? वाटून टाकल्या.

हॉलमध्ये सगळे वाचायला लागले. पानं उलटायचा आवाज तेवढा. मी दाराशी चपला घालूनच उभा होतो. मग प्रतापराव, तुम्ही बोललात. तुम्ही बँकेत धोके मोजायचं काम करता, तुमच्या तोंडून कौतुक म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

"वा! सगळे धोके स्वतःहून लिहून दिलेत. भाडं वाढेल, मुलं गळतील, जिना अरुंद आहे. ताई, आता हा कागद खरा वाटतोय."

श्रीनिवास म्हणाले, "आमच्या बँकेचे कागद इतके प्रामाणिक नसतात."

निशिकांतकाका ताडकन उठले. "अहो, हे परिशिष्ट नाही! हा माझा निषेध आहे!"

"निशिकांत, विनय पुरे," प्रतापराव म्हणाले. "काम उत्तम केलंयस."

पालकांमधल्या सविता कामेरकर हरकत क्रमांक नऊ मोठ्याने वाचत होत्या. "मुख्याध्यापिका अत्यंत हट्टी असून एकदा हाती घेतलेलं सोडत नाहीत." मग चष्मा काढून म्हणाल्या, "हा धोका कुठे? हीच तर हमी!" आणि पहिला रोखा त्यांनी घेतला. दुसरा घेतला मीनलकाकूंनी. हो, उपासन्यांच्याच. म्हणाल्या, "यांनी घराच्या कर्जाचे कागदसुद्धा इतक्या बारकाईने बघितले नव्हते. म्हणजे गोष्ट घेण्यासारखी असणार."

तासाभरात बहात्तर रोखे गेले. पुढच्याच वर्षी मोठमोठ्या बँकांच्या रोख्यांचं काय झालं, तुम्ही जाणता. आपला रोखा जागचा हलला नाही. मिळायचंच काही नव्हतं, तर बुडणार काय?

हसलात, बरं वाटलं. आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

त्या सभेत काकांनी विचारलं होतं, "हे कुणी केलं?" मी तोंड उघडलं होतं, काका, देवाशपथ उघडलं होतं. पण यार्डातला माणूस, ना पालक ना सभासद, दुसऱ्या दिवसापासून मला दारात कुणी उभं केलं असतं? ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "शाळेच्या कागदांना मी जबाबदार." बस.

दोन वर्षं काका समजत आले की या बाईने आपल्याला फसवलं. दोन वर्षं ते ताईंशी थेट बोललेले नाहीत. "रुचिर, त्यांना सांग, जिन्याचा दिवा गेलाय." "रुचिर, यांना सांग, बदललाय." मी सांगत राहिलो आणि मधल्या मधे वडे खात राहिलो. काका, पिन माझी होती. फसवाफसवी नव्हती, जिलेबी होती. ताई शुक्रवारच्या विमानाने कायमच्या ठाण्याला चालल्या. त्या गेल्यावर कबूल केलं असतं, तर ते कबूल करणं झालं नसतं.

आणि एक राहिलं. तुमची हरकत क्रमांक सात मला पाठ आहे. "सर्व शाळा एका बाईंवर चालते. त्या गेल्या तर तिसरीचा वर्ग कोण घेणार?" अकरांपैकी दहा हरकती फोल ठरल्या. सातवी आज खरी झाली. पुढच्या रविवारच्या तक्त्यात तिसरीपुढची जागा कोरी आहे. हा तक्ता, हे पेन. मी इथे, तुमच्यापुढे ठेवतो.

...काय म्हणालात, काका? माइक नको? बरं.

मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल तर मी सांगतो. काकांनी तक्त्यावर नाव लिहिलं. या वेळी नाव घातलं! आणि ताईंकडे वळून, मला मधे न घालता, विचारलं, "अरुणाताई, तिसरीच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच ना?" ताई म्हणाल्या, "हो." त्यावर काका म्हणाले, "मग ती माझ्या हातात द्या. याच्याकडे देऊ नका."

टाळ्या वाजवा, मंडळी. ताईंची घंटा वाजवायची राहून गेली आहे. पदराने डोळे पुसताना दोन्ही हात गुंतलेले असतात.

पाच मिनिटांची पंधरा करू दिलीत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि वडे गार होईपर्यंत थांबलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर तेवढं पान पिन काढून बाजूला ठेवा. मला जमत नाही, पण तुम्हाला जमेल. नमस्कार.