ठिपक्यांशिवायचा माणूस

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुरुषोत्तमकाका, प्रमुख पाहुण्या डॉ. विमलाताई, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, ज्यांना आज निरोप द्यायचा आहे त्या आपल्या कल्पनाताई, आणि समोर बसलेले आई-बाबा, आजी-आजोबा, सगळ्यांना ऋजुताचा नमस्कार. मला पाच मिनिटं दिली आहेत. खालून वड्यांचा वास येतोय, त्यामुळे मी ती पाळेन.

मंडळाचा हा बालवर्ग ताईंनी किती निगुतीनं चालवला, ते काकांनी सांगितलंच. मी आमच्या घरचं एक प्रकरण सांगते. माझे यजमान गिरीधर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

गिरीधर ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात डिझाइन विभागात आहेत. आमची देविका चार वर्षांची झाली, आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की एका मोठ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलांना माणूस काढायला सांगतात. झालं. इंजिनिअर माणूस, गप्प बसतो होय? त्यांनी कॉम्प्युटरवर ठिपक्यांचा माणूस तयार केला. डोकं, मान, पोट, हातापायांची बोटं, सगळं मापात. देविका रोज ते ठिपके जोडायची. आमच्या घरमालकीणबाई चंद्रिकामामी दारात ठिपक्यांचं कोलम, म्हणजे इथली रांगोळी, घालतात, तेही ती बघत आलेली. पोरीची समजूत झाली की जगात सगळं असंच काढतात.

शाळेत तिच्यापुढे कोरा कागद आला. तिनं तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, "पुळ्ळी कुठेत?" पुळ्ळी म्हणजे ठिपके, हे तुम्हा चेन्नईकरांना मी काय सांगणार. पेन्सिल हातात धरून ती तशीच बसली. तिथल्या बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाल्या, मुलीला एखाद्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मग प्रवेशाचं बघू.

आपल्या मुलीत काही कमी आहे का, हा प्रश्न एकदा मनात शिरला की काय होतं, ते इथल्या आयांना ठाऊक आहे. मी तिच्याकडे बघायचे तेसुद्धा तपासल्यासारखं.

डॉक्टरांची तारीख लांबची मिळाली, तोवर तिला इथे आणलं. ताईंनी काय केलं? जमिनीवर मोठा कागद पसरला, जाड खडू दिला, आणि मांडीवर हात ठेवून शेजारी बसून राहिल्या. देविकानं नुसत्या रेघोट्या मारल्या, दोन वर्षांच्या पोरीसारख्या. गिरीधरांचा धीर सुटला. म्हणाले, "ताई, ही तर मागे चाललीय."

ताई म्हणाल्या, "मागे नाही हो. मधलं राहून गेलं होतं, ते करून घेतेय. आधी खांद्यापासून हात फिरू दे. मग मनगट वळेल, रेघेचं टोक टोकाला लागून गोल मिटेल. गोल मिटला की त्याला डोळे येतात, मग त्या डोक्यालाच पाय फुटतात. पोटाची घाई कुठल्याच मुलाला नसते, ती तुम्हाला आहे. आणि एवढं करा, काय काढलंस म्हणून विचारू नका."

तसंच झालं. एका सकाळी गोल मिटला. पुढे डोळे आले. आणि एक दिवस त्या गोलाला दोन लांब पाय लागले, गालांतून हात निघाले. देविका आपणहून म्हणाली, "हा बाबा." गिरीधर "पोट कुठं..." एवढं म्हणाले आणि ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसून रडले. मीही रडले, पण इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू. पुढे डॉक्टरांनीही काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं, पण आमची झोप त्याआधीच परत आली होती. आता देविका घराजवळच्या शाळेत मजेत जाते, आणि तो बिनपोटाचा बाबा ओरगडमला गिरीधरांच्या टेबलासमोर लावलेला आहे.

ताई, तुम्ही आता लेकीकडे साताऱ्याला निघालात. देविकानं तुमचं चित्र काढलंय. डोळे चांगले बशीएवढे आहेत. काल ते बघून मी बोलून गेले, "अगं, ताईंचं तोंड राहिलं." ती म्हणाली, "राहिलं नाही. ताई बोलत नाही. बघते."

अध्यक्षांचे, मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, काही जास्तीचं बोलले असेन, तर सांभाळून घ्या. गिरीधर, तुम्हीसुद्धा. ताई, हे घ्या. चित्र आहे तसंच आणलंय.