मनोऱ्याच्या पायरीवरच्या चपला

कुमुदताई, चहा निवण्याआधी शिआनची गोष्ट ऐका. चीनमधल्या त्या शहरात शेकडो वर्षांचा बौद्ध मनोरा आणि त्यामागे काचेच्या उत्तुंग इमारती पाहून मी थक्क झाले. सवयीने पायरीपाशी चपला काढल्या.

सून म्हणाली, "आई, इथे कुणीच काढत नाही. चोरीला गेल्या तर जर्मनीत आपल्या घरी, हॅनोव्हरला, अनवाणी परताल!"

"देवाच्या दारी पादत्राणे घालून जायचे नसते," मी बजावले.

बाहेर येऊन पाहते, तो चपलांभोवती ही गर्दी! झाडलोट करणारे, चालकाविना फिरणारे एक यंत्र चपलांपुढे थांबून मंजुळ आवाजात काही विनवत होते. सुनेने फोनवरून भाषांतर केले : "कृपया मला वाट द्याल का?"

अहो, सासरी इतक्या अदबीने माझ्याशी कधी कुणी बोलले नाही. हे तर चपलांशी बोलत होते!