भोपळ्याचा पायजमा

तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी होत्या, त्यांच्यापुढे धर्मसभेचा बिल्ला लावलेले, हातात घडी केलेला पायजमा घेतलेले एक काका.

मावशी म्हणाल्या, "काका, त्या पायजम्याची नाडी काढा. आत नाडी जाऊ देत नाहीत."

"बरं झालं सांगितलंत. पहिलीच खेप आहे माझी. पुतण्या आत आहे."

"कशात?"

"गर्दची पुडी सापडली. परधर्मी लोकांचा डाव आहे हा, आपली पोरं नासवायचा."

"अशा पोरांना तुरुंगाऐवजी दवाखान्यात पाठवायचा कायदा येतोय म्हणे."

"येतोय कसला? आमची सभा मोर्चा काढून तो हाणून पाडणार. देश बुडवणाऱ्यांचे कसले लाड?"

"आणि पुतण्या?"

"आमच्या भोपळ्याची गोष्ट वेगळी. तो आपल्या धर्माचा आहे."

"भोपळ्या? मधूनच अंगाला कापरं भरतं, तो?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या पोरानं सांगितलं, दोघं एकाच कोठडीत आहेत. कापरं भरलं की तोच त्याला पोटाशी धरून बसतो. माझ्या पोराकडेही पुडीच सापडली होती. आणि आम्ही तुमच्या धर्माचे नाही, काका. मोर्च्यात हेही सांगा. आता द्या इकडे तो पायजमा, तुमच्याच्यानं नाडी निघायची नाही."