दिवे लागल्यावर रंग सांगायचा नाही

— आता तुम्हीच सांगा पुंजारामभाऊ, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? दुकानावर, मालावर, का गादीवर बसलेल्या शेठवर? शेठवर म्हणता. तिथंच घोळ होऊ राहिला. दुकानावर ठेवा, गुलमंडीत आमच्या वडिलांपासून उभंय ते. मालावर ठेवा, सरितानं निवडून आणलाय — सून माझी, नुसतं बोट लावून सूत ओळखती. माझ्यावर आज नका ठेवू. बसा, बसा, चहा येतोय. बस्त्याला नाय म्हणतोय मी, चहाला नाय.

तुमच्या दोन्ही मोठ्या पोरींचे बस्ते याच गादीवर बांधले, व्हय. नवरदेवाच्या फेट्यापासून आत्याबाईच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं इथलं. धाकट्या तनुजाचाबी इथंच व्हावा असं मला वाटतं — तुमच्यापेक्षा जरा जास्तच वाटतं, धंदेवाला माणूस आहे मी. पण तुम्ही येणार होते सकाळी, गाडी झाली पंक्चर, पोचले दिवेलागणीला. अन् उद्या अमावस्या. उद्या या म्हणलं तर बायांसंगं गाडीत बसलेल्या वहिनी माझ्याकडं अशा बघतील की चहा नासंल. सरिता असती तर मी बोललोच नसतो. पण ती गेली जालन्याला, भावाच्या हळदीला. तिनंच नियम केलाय — दिवे लागले की मामांनी, म्हणजे मी, रंग सांगायचा नाही. भाव सांगा, गप्पा सांगा, पाहुण्यांची खुशाली विचारा. रंग नाही.

आमच्या गड्याला, कडुबाला विचारू म्हणता? हळू बोला, ऐकंल तो. घड्या घालाव्या तर कडुबानंच. पण रंग त्याला दोनच येतात, लाल अन् लाल नसलेला. मागं एका बाईनं मोरपंखी मागितली, तर हा म्हणतो, मोराची संपली ताई, पोपटाची देऊ का.

हसू नका. माझी गोष्ट त्याच्या वरताण आहे. मागच्या लगनसराईत छावणीतला एक बस्ता होता. वच्छलाबाई नवरदेवाची आई, म्हणजे मानाची विहीण. त्यांना पाहिजे होती गर्द हिरवी. संध्याकाळची वेळ, असाच ट्यूबलाइट, मी ढिगातून ओढली, मांडीवर पसरली अन् म्हणलं, घ्या बाई, शेवाळावानी हिरवी. बाई दमलेल्या, माझ्या शब्दावर घेतली. लग्नाच्या दिवशी मांडवात घडी मोडली तर काळीकुट्ट. लग्नात, विहिणीला, काळी. बाई जाऊन बसल्या आचाऱ्याच्या पाठीमागं. आता विहीण पंगतीला बसल्याबिगर कोण जेवणार? पत्रावळ्या मांडलेल्या अन् लोक हात धुऊन उभे. मला बोलावणं होतंच, मी आपला फेटा बांधून मिरवत होतो. बाईंनी मला बोलावलं, साडी पुढं धरली अन् शांतपणे विचारलं, "शेठ, रंग सांगा हिचा." मी बघितली, उलटून बघितली अन् भर मांडवात म्हणलं, "हिरवीच आहे की बाई."

सगळा मांडव हसला. लोकांना वाटलं, काय पक्का दुकानदार आहे, मेला तरी माल वापस घेणार नाही. बाईबी हसल्या शेवटी, म्हणून पंगत बसली. मला वाटलं, निभलं. तर घरी येताना गाडीत सरिता म्हणली, "मामा, तुम्ही मस्करी नव्हते करत ना?" मी म्हणलं, मांडवात उजेड कमी असतो बाई. असतो ना कमी? वरून कापड ताणलेलं — आता दुपारची वेळ होती म्हणा. ऊन होतं चांगलं.

जाऊ द्या. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. डॉक्टर म्हणतो, काढून टाकू. मी म्हणतो, लगनसराई उरकू द्या. ती उरकली की दिवाळी, दिवाळी सरली की परत लगनसराई. डॉक्टरनं विचारलं, शेठ, तुमच्या डोळ्याला कोणत्या महिन्यात सुट्टी असती? अन् हे कुणाला विचारतो बघा? मला. धंदा मला कुणी शिकवला नाही, ऐकून ऐकून शिकलो, अन् पहिलं जे शिकलो ते ‘आहे’. पैठणी आहे का? आहे. घोंगडी आहे का? आहे — अन् पोरगं मागच्या दारानं दुसऱ्याच्या दुकानातून आणायला पळतंय. ‘नाय’ म्हणायला आत्ता शिकू राहिलो, अन् पहिलं गिऱ्हाईक तुम्ही सापडले.

रंग बायाच निवडतील, तुम्ही नुसते बसा, असं म्हणता? नाय जमणार. बाया निवडतील, भांडतील, दोन साड्यांवर येऊन अडतील, अन् मग वहिनी माझ्याकडं वळून म्हणतील, शेठ, तुम्ही सांगा. दोन्ही टायमाला म्हणल्या होत्या. अन् मी सांगन. मला माहीत आहे ना मी. दिसलं नाही म्हणून गप बसायची सवय नाही मला, उलट जास्त ठासून बोलन. तनुजाच्या अंगावर काय चढंल, देव जाणे. मघाशी तुम्ही पायरीवर उभे होते, मी या या म्हणलं — ते मी सगळ्यांनाच म्हणतो. तुम्ही खोकले तेव्हा कळलं, पुंजारामभाऊ आहेत.

असं बघू नका. म्हणजे बघत असाल तर.

समोर अतुलच्या दुकानात जा. पोरगा बोलतो लई, पण डोळे तरणे आहेत. तुम्हाला चहाऐवजी थंड पाजील, वहिनी खूश होतील. शालू दारात नेऊन रस्त्याच्या उजेडात बघा. उठा आता, दुकानं मिटायच्या आत आटपा.

अन् काय म्हणले? बायांना सांगतो, शेठकडं माल कमी होता? नका सांगू. सरितानं हौसेनं भरलंय दुकान, कपाटं वाकलीत मालानं. माझी अब्रू राखायला तिच्या मालाला बोल लावू नका. माल होता, शेठला दिसत नव्हतं, असंच सांगा — वहिनींना सांगा, अतुलनं विचारलं तर त्यालाबी सांगा. तेवढा हिशेब खरा ठेवा, भाऊ.