चौदा महिने हुबेहूब

— नाही, नाही, जीभ मागे. आणखी मागे. हां, अशी. आता ओठ सैल सोड आणि नाकाने श्वास घे, आणि हा साचा हलवू नकोस, नाहीतर तुझ्या दातांऐवजी माझ्या बोटांचे ठसे उमटतील आणि रात्रभर तू मावशीची बोटं चावत बसशील. लाळ गळते तर गळू दे, गळ्यात नॅपकिन कशाला बांधलाय? आता तुला बोलता यायचं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच. तुझ्या आईने हे बघायला हवं होतं बाई. पण झोपलीय वर, झोपू दे. चार वाजता डॉक्टरांकडे जायचंय, तोवर जरा पाठ टेकली तर बरंच. आणि तुझं हे काम मी केव्हाच करायला हवं होतं — महिना झाला, तिचा रिपोर्ट आल्यापासून तू झोपेत दात करकरा खातेस, भिंतीपलीकडे मला ऐकू येतं, वाटतं कुणी दगडी जातं फिरवतंय. रबराचं एक टोपण करून देते, रात्री दातांवर चढवायचं. मग खा टोपण.

तुला ती पोस्टमास्तरांची गोष्ट सांगितली होती का? मान हलवू नकोस! सांगितली असली तरी ऐक, दर वेळी वेगळी असते. नवराबायको दोघं, दोघांत मिळून कवळी एक. आधी ते जेवायचे, मग कवळी धुऊन बायकोला द्यायचे, मग ती जेवायची. चाळीस वर्षं भांडण नाही. होणार कसं? एकाच्या तोंडात दात असतील तेव्हा दुसऱ्याचं बोळकं, बोळक्याने शिवी दिली तरी ती आशीर्वादासारखीच ऐकू येते. पुढे पोस्टमास्तर गेले, आणि कवळी कायमची बाईंकडे आली, तर जेवण अर्ध्यावर आलं की ती आपोआप गळून ताटात पडायची — पाळी संपली म्हणून! तुझी आई म्हणायची, अगं निदान निम्मं तरी खरं सांगत जा. मी म्हणायचे, निम्मं खरं म्हणजे कवळीच की, वरची खोटी नि खालची खरी. हसायची मग. मेण कापायची सुरी खाली ठेवून हसायची, हातात असली तर हात हलतो म्हणून.

तो हात. तुला काय, तू ऑफिसला जाणारी, तुला हे दुकान म्हणजे प्लास्टरचा वास. पण लोक माझ्याकडे येतात ते माझ्याकडे येत नाहीत, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मी ठसे घेणार, प्लास्टर ओतणार, गिऱ्हाइकाचं डोकं खाणार. दात बसवणारी ती. मेणात एकेक दात बसवताना माणसाचा जुना फोटो समोर ठेवायची, आणि एखादा दात मुद्दाम तिरका — अगदी केसभर. सगळे सरळ असले की ओळखू येतात म्हणायची, देव एवढा सरळ काम करत नाही. माझ्या हातून झालेली कवळी कशी असते सांगू? घोड्याला शोभेल. एका गिऱ्हाइकाने घातली आणि त्याचा नातू खाटेखाली जाऊन बसला. — हे खरं आहे हं, यात काही घातलेलं नाही.

हलू नकोस. अजून ओलं आहे.

तर त्या हाताला ती गोळी चालेना. तुझा राग नाही हं, तुझं काही चुकलं नाही. छातीतली गाठ काढली, किरणं झाली, आणि डॉक्टर म्हणाले आता रोज एक गोळी, पाच वर्षं. तूच मला पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं होतंस — पाळी जाऊन दहा वर्षं झाली तरी अंगातली चरबी थोडं थोडं ते हार्मोन करतच राहते, आणि तिच्या गाठीच्या जातीला तोच खुराक, ही गोळी तो खुराक तोडते. मी म्हटलं, म्हणजे शत्रूची रसद तोडायची. तू म्हणालीस, हो मावशी, पण रोज तोडायची, एक दिवस चुकवायचा नाही. आणि मग तू तो डबा आणलास, सात खणांचा. सोमवारी ऑफिसला निघताना पुढच्या सात दिवसांचा भरायचा, रोज नाश्ता झाला की समोर उभं राहून तिला गोळी घ्यायला लावायची, आणि तोंड उघडून दाखव म्हणायचं. आपल्याच आईला! आम्ही दोघी तुला हवालदार म्हणायचो, माहीत आहे ना? हवालदार आला, जीभ काढ.

पण हवालदार नाश्त्यानंतर ऑफिसला जायचा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मी बघायचे. सकाळी तिची मूठ उघडायची नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून बसायची, अर्धा अर्धा तास, आणि मग एकेक बोट मी सोडवायचे, आखडलेल्या कुलपासारखं. गुडघे तर जिन्याच्या प्रत्येक पायरीला नावं ठेवायचे. मधेच अंगातून वाफ निघायची, पदराने वारा घेत खिडकीशी उभी राहायची, आणि पुन्हा पाच मिनिटांनी शाल मागायची. ते सगळं ती सोसत होती, कुरकुर नाही. पण एक दिवस मेणात दात बसवताना तिच्या हातून दात निसटला, पुन्हा निसटला, तिसऱ्यांदा तो फरशीवर पडून कुठेतरी गेला. आणि ती शोधायला वाकली नाही. बसून राहिली. आणि मला म्हणाली — हसतच म्हणाली हं — आपण माणसाच्या तोंडात बत्तीस खोटे दात बसवतो आणि त्याच्या बायकोला पत्ता लागत नाही, तुला एक खोटी गोळी जमायची नाही का गं? तीन महिने. हात जरा मोकळा होऊ दे, मग पुन्हा सुरू करते.

अशी बघू नकोस. श्वास घे. नाकाने, नाकाने!

थट्टेत म्हणाली. मी थट्टेतच घेतलं. पण मला कुणी जमायची नाही का म्हटलं की मग — तू ओळखतेसच मला. तुझ्या डब्यातली एक गोळी घेतली, रबराचा साचा केला. दूधसाखर, मक्याचं पीठ, खायचा पिवळा रंग टाचणीच्या टोकाएवढा. पहिल्या पाच फुटल्या. सहावी झाली ती वेगळ्या पिवळ्याची. आठवड्याने जी जमली, ती खऱ्या गोळीशेजारी ठेवली तर मलाच कळेना कुठली माझी. गोळीच्या पाठीवर ती दोन बारीक अक्षरं असतात ना? तीसुद्धा उमटली. ताईला दाखवली तर ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या हातून काहीतरी सुबक झालं. मग दर सोमवारी तू निघालीस की मी डब्यातल्या गोळ्या बदलायचे. तू समोर उभी राहून तिला साखर खायला लावायचीस, जीभ काढून बघायचीस, आणि आम्ही दोघी इकडे येऊन पोट धरून हसायचो. 

हसायचो गं. काय सांगू. महिन्याभरात तिची मूठ उघडली. 

आणि काम बघायला हवं होतंस. अशा कवळ्या केल्या तिने! ती गाणं शिकवणारी बाई, जिच्या कुठल्याही कवळीतून शिट्टी वाजायची, वरचा सूर लावला की गल्लीतली कुत्री उभी राहायची — तिच्या पुढच्या दोन दातांत ताईने अशी काही फट ठेवली की बाई इथेच, तू बसलीयेस त्या खुर्चीत बसून गायल्या. गोळी चालू असती तर झालं असतं ते? ताईच्या डोळ्यांत —

काय? भुवया कशाला चढवतेस?

हो. गाणंवाल्या बाई मागच्या महिन्यात आल्या होत्या.

हो.

तीन महिने म्हणाले मी. म्हणाले खरं. तीन महिने ताईचे, पुढचे माझे. ते संपले त्या दिवशी तिने मला सांगितलं, पुरे झालं, आता खरी गोळी राहू दे डब्यात, खेळ बास. मी म्हटलं, बरं. सोमवार आला, तू गेलीस, मी डबा उघडला आणि तिकडे ती बाकावर बसून शीळ घालत होती. ताई आणि शीळ! लहानपणी आई ओरडायची म्हणून सोडलेली शीळ. मी म्हटलं, एक आठवडा. एवढाच. पुढचा सोमवार. मग पुढचा. ती म्हणायला लागली, बघ, आता गोळीने काही होत नाही मला, अंगवळणी पडली. मी म्हटलं, हो ना. आणि एकदा असं म्हटल्यावर, पोरी, मग थांबायचं कसं? खरी दिली की पुन्हा बोटं आखडणार, आणि ती विचारणार, हे नव्याने काय? आणि मग तिला कळणार. खोटं एकदा चांगलं बसलं की काढताना हिरडी सोलून निघते. चौदा महिने. तिला माहीत नाही. अजून माहीत नाही. तिला वाटतं आपण तीन महिने चुकलो आणि मग अकरा महिने इमानाने घेतली. तिची पाठ दुखायला लागली तेव्हासुद्धा मी सोमवारी — 

तेव्हासुद्धा.

खुर्चीचा हात सोड, मोडेल. साचा केव्हाच घट्ट झालाय, खरं तर मघाशीच काढायला हवा होता. पण काढला असता तर तू बोलली असतीस, आणि तू बोललीस की मी एखादी गोष्ट सांगून मोकळी होते, तुला माहीत आहे. आणखी एवढंच ऐक. काल तू जेवताना म्हणालीस, ती गोळी फसवी निघाली, आईने एक दिवस चुकवला नाही तरी मणक्यात आलंच, आज डॉक्टरांना सांगणार आहे त्या औषधाचं नावसुद्धा काढू नका. आणि डॉक्टरही तेच म्हणतायत ना? की हे औषध हिच्यावर हरलं, आता यापेक्षा कडक काहीतरी लावू, आज ठरवू. मी ताटाकडे बघत होते. मला वाटलं होतं आज तुला एवढंच सांगावं — की हवालदार, त्या गोळीला इतक्यात मोडीत काढू नका, डॉक्टरांना पुन्हा एकदा विचार. एवढंच सांगणार होते. पण ते कसं सांगायचं? जे औषध पोटात गेलंच नाही ते हरलं कसं? त्यांना हे कळलं तर कदाचित ते दुसरं काही ठरवतील. कदाचित नाही. मला काय कळतंय, मी प्लास्टर ओतणारी बाई. पण तो माणूस माझ्या साखरेवर हिशेब मांडून तिला औषध देणार आहे.

थांब. मी काढते. ओढू नकोस तशी, ओठ फाटेल. आऽ कर. सुटलं. थुंक. पाणी घे. पुन्हा घे.

बोल.

काहीतरी बोल गं. शिव्या दे. तुला येत नसतील तर मी सांगते एकेक.

बरं. मग ऐकून घे. त्या वरच्या फळीवर, दातांच्या रंगांच्या नमुन्यांमागे, झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात सगळ्या खऱ्या आहेत. एकही टाकली नाही, टाकवली नाही. तो डॉक्टरांपुढे ठेव. म्हणावं, मावशीने केलं. आईचे ते तीन महिनेही माझ्यावर घाल, माझं काय जातंय. आणि ते विचारतील कसं काय कळलं नाही तुम्हाला, तर सांग — नाही, काही सांगू नकोस. तुला कळलं नाही, कारण ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

जिन्यात पाय वाजतोय. उठली वाटतं. 

तू बाहेर जा. नाही, तू नाही सांगायचंस, मीच सांगणार. आणि तुझ्यादेखत नाही. तू समोर असलीस की तिला वाटतं मी थापा मारतेय, सुरुवात केली की हसायलाच लागेल, आणि ती हसली तर माझ्याच्याने — जा. डबा घे, कोपऱ्यावर गाडी बघ, आम्ही येतोच. ती येईलच, मला बरोबर घेईल की नाही ते मग बघू. पुसू नकोस तोंड, तसंच जा. आणि दार ओढून घे.