टाकीच्या आतला लाल प्रायमर

नावड्यातल्या मंडळींनो, लतावहिनी, आणि कारखान्यातून आलेल्या माझ्या सोबत्यांनो. कामं टाकून तुम्ही आलात. मला बोलणं जड जातंय. तरी बोलतो, कारण जनार्दनला मरण कसं आलं ते माझ्याइतकं इथे कुणालाच माहीत नाही.

मी विलास सावंत. पावणे गावातल्या कारखान्यात सुपरवायझर. आम्ही पाण्याच्या लोखंडी टाक्या बनवतो. जनार्दन घरत त्या टाक्यांना आतून रंग द्यायचा. एकोणीस वर्षं.

माझ्या आधी बोलणारे म्हणाले, जनार्दन गोड माणूस होता. नव्हता. तो हट्टी होता. पत्रा नीट घासलेला नसला, की ब्रश खाली ठेवून चहाला निघून जायचा. म्हणायचा, टाकी टिकते ती पहिल्या हातावर. प्रायमरवर.

गेल्या वर्षी करंजाड्याच्या एका सोसायटीची टाकी होती. पिण्याच्या पाण्याची. तिला आतून एपॉक्सी प्रायमर लागतं, पिण्याच्या पाण्यासाठी पास झालेलं. ते यायला आठवडा होता, सुकून पक्कं व्हायला आणखी आठवडा. गोडाऊनमध्ये रेड ऑक्साइडचे डबे पडले होते. आपण गेटाला, ग्रिलला लावतो तो लाल प्रायमर. मी म्हटलं, हाच मार. वरून एपॉक्सी रंगाचा हात दे. कुणाला कळतंय?

जनार्दनने डबा उघडलाही नाही. म्हणाला, "सायेब, यो पान्यान टिकाचा नाय. फुगंल, सुटंल. आनि लोकांची पोरं तेच पानी पिनार हायत."

मी काय म्हणालो असेन? सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला ब्रश मारायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही." सगळे हसले. मीच हसवले. टाकी दुसऱ्याकडून रंगवून घेतली. आणि जनार्दनला महिनाभर उन्हात कंपाउंडचं ग्रिल रंगवायला बसवलं. तोच लाल रंग दिला. मुद्दाम दिला.

काही महिन्यांनी सोसायटीचा फोन आला. पाण्याला वास येतोय, नळातून लाल पापुद्रे येतायत. शेठनी विचारलं, चूक कुणाची? मी जनार्दनचं नाव घेतलं. म्हणालो, त्याने पत्रा नीट घासला नाही.

त्याला सोसायटीच्या कमिटीसमोर मीच घेऊन गेलो. रिक्षात सांगितलं, "हात जोड, माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. चौपन्नाव्या वर्षी तुला कोण ठेवणार?" तो कमिटीसमोर उभा राहून म्हणाला, "माजा हात चुकला." एक मॅडम म्हणाल्या, "आमची मुलं आजारी पडली. लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटते."

मी शेजारीच उभा होतो.

मग टाकी रिकामी करून जुना रंग काढायचं ठरलं. नुसता घासून निघाला असता, पण त्यात दिवस गेले असते. मी रंग उतरवायचं रिमूव्हर आणलं. त्याची वाफ जड असते, तळाशी साचते. आत हवा सोडायला ब्लोअर लागतो, तोंडाला हवेच्या नळीचा मास्क लागतो. ब्लोअर दुसऱ्या साइटवर होता. मास्क नव्हताच. जनार्दन म्हणाला, "ब्लोअर येऊंदे, मंग उतरतो."

मी म्हणालो, "चूक कबूल करून आलास ना? मग साफ कर."

तोंडाला रुमाल बांधून तो शिडीने उतरला. दुपारचे दोन वाजले होते. मी झाकणापाशी फोनवर बोलत होतो. आतून घासल्याचा आवाज येत होता. मग थांबला. मला वाटलं, रागावून बसलाय. हाक मारली नाही. फोन संपवला. चहा घेतला. मग वाकून बघितलं.

वहिनी, हॉस्पिटलात तुम्ही मला विचारलंत, "भाऊ, यांना मास्क दिला व्हता ना?" मी म्हणालो, "दिला होता वहिनी. त्यांनीच काढून ठेवला." पोलिसांच्या कागदावर तसं लिहून सही केली. तुम्ही मला पाणी आणून दिलंत. मी प्यायलो. तेव्हापासून तुम्ही त्यालाच दोष देताय, असं तुमच्या जाऊबाई सांगत होत्या. म्हणताय, "कुनाचा आयकायचा नाय, म्हनून गेला."

वहिनी, त्याने ऐकलं. माझं ऐकलं म्हणून तो गेला. मास्क दिला नव्हता.

शेठ पहिल्या रांगेत बसलेत. मला खाली बसायची खूण करतायत. शेठ, आता उशीर झाला. सकाळी पोलीस स्टेशनला जाऊन मी जबाब बदलून आलोय. प्रायमर कुणी निवडला, ब्लोअरशिवाय आत कुणी पाठवलं, सगळं लिहून दिलंय. त्यात तुमचंही नाव आहे. ब्लोअर दुसरीकडे आहे, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं.

मी कुणाकडे माफी मागत नाही. जनार्दनला मी ती खोटी मागायला लावली होती, आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने मागू?

मंडळी, उठा. दोन मिनिटं जनार्दनसाठी शांत उभे राहू या. वहिनी, तुम्ही बसा. गप्पही राहू नका. तुम्हाला मला काय बोलायचं असेल ते याच दोन मिनिटांत बोला. कुणी तुम्हाला थांबवणार नाही. मी इथेच उभा आहे.