साडेआठाचं ऊन

…आन हॅलोजन! तुमाला सांगतो, खिडकीत हॅलोजन बांधलं हो! सकाळच्या साडेआठला, म्हागं लख्ख ऊन पडलेलं असताना, उन्हाच्या तोंडावर हॅलोजन! मी म्हणलो, काशाप्पा अण्णा, हे काय करायलाव? तर हे आमचं वायरमन स्टुलावर हुभं राहून मलाच म्हणतंय, "आरं शिवराज, तूच म्हणलास की, खिडकीचं लाईट पायजे. खिडकीत लाईट न्हवतं. लावायलाव."

आता बोला! चूक कुणाची? माझीच की. आमच्या चिटगुप्प्यात लाईट म्हणजे करंट. लाईट आली, लाईट गेली, लाईटवाला आला. नीट उजेड म्हणायचं सोडून मी शाणा सकाळधरनं 'लाईट लाईट' करायलतो. कामून? तर त्या विजयश्रीवैनीपायी. गुंडेरावकाकाची सून, पुण्याला असती, दिवाळीला आलती लेकरं घेऊन. चार वर्षाची पिंकी आन दीड वर्षाचा पप्पू. मोबाईल माझ्या नाकाला लावून म्हणती, "भावजी, मला अस्से फोटो पाहिजेत. घरातच, नॅचरल लाईटमध्ये, मुलं आपली खेळतायत…"

खरं सांगू? ऐकून लई बरं वाटलं. पंधरा वर्षं झाली स्टुडिओ टाकून. काय काढलो? पासपोर्ट! "हनुवटी वर, डोळं उघडा, झालं, पुढचं या." लग्नात फ्लॅश मारून मारून नवरीला भुतावानी पांढरी करायचं. जल्मात एक फोटू असा पायजे होता मला, की दुकानाच्या काचेत लावला तर रस्त्यानं जाणारं माणूस गाडी थांबवून बघावं. एकच हो! जास्त मागितलो का?

म्हणून आदल्या दिवशी जाऊन खोली बघून आलो. दोन घरांच्या फटीतनं साडेआठला त्या खिडकीत ऊन येतंय, आन नऊला शेजारच्या पाण्याच्या टाकीआड जातंय. अर्धा तास! पुढं अकराच्या गाडीनं लेकरं पुण्याला. काकाला हात जोडून सांगितलो, लेकरं आठला खिडकीपाशी बसवा, घरच्या कपड्यात, तोंड धुऊन, बस्स. ऊन काय आपल्या घरचा गडी हाय का, थांब म्हणलं की थांबायला!

आठला गेलो. पप्पू कोट घालून बसलाय! कोट, टाय, काळा गॉगल. दीड वर्षाचं लेकरू, बूट उलटे घातल्यात आन नाकातनं शेंबूड. आन पिंकी? पिंकी दिसंनाच. पावडर हो! कलाकाकूनं आख्खा डबा रिकामा केला नातवंडांवर. मी म्हणलो, काकू, हे पुसा. तर काकू डोळं वटारून, "कामून? लेकरं काळी दिसावीत म्हणून? तुझ्या आईनं तुला लावली न्हाई तर आमच्या लेकराला बी नको व्हय?" वरनं दोघांच्या गालावर दृष्टीचा टिक्का, हा एवढा, रुपयाएवढा. एक न्हाई, दोन्ही गालावर! का, तर "फोटूत कुठली बाजू येती कुणाला ठावं."

बरं म्हणलो. टिक्का ऱ्हाऊ द्या. लेकरं तरी इकडं बसवा. तवर गुंडेरावकाका पडदा लावायलेत! "आरं, लेकराच्या डोळ्यात ऊन जायलंय, आंधळा हायस का?" मी पडदा सारायचो, ते लावायचे. मी सारायचो, ते लावायचे. वैनीनी तरी दोन शब्द बोलावेत का न्हाई? वैनी आत बॅग भरायल्यात! घड्याळात आठ चाळीस. आन ऊन काय घरचा गडी हाय का हो, थांब म्हणलं की थांबायला?

त्यात हे हॅलोजन. माझं 'लाईट लाईट' ऐकून काकानंच बोलावलतं अण्णाला. काशाप्पा अण्णानं वायर जोडली, बटण दाबलं… फाट! आख्ख्या घराची लाईट गेली. टीव्ही बंद, मिक्सर बंद. "फ्यूज! फ्यूज!" करत काका मीटरकडं पळाले, अण्णा काकाच्या म्हागं, काकू शिव्या देत दोघांच्या म्हागं. खोलीत कोण? मी आन दोन लेकरं.

तुमाला सांगतो… अशी शांतता त्या घरात बांधल्यापसनं झाली नसल. फरशीवर ऊन राहिलतं चार बोटं. पप्पूनं गॉगल काढून फेकला. पिंकीनं आपला तळवा चाटला आन भावाच्या तोंडावरची पावडर पुसायली, हळूच, आईवानी. ते शिंकलं! पावडर उडाली, उन्हात तरंगायली, आन दोघं त्याच्याकडं तोंड वर करून बघायलीत, अर्धं तोंड उजेडात, अर्धं सावलीत… मी बटण दाबलो. एकदाच. आन ऊन टाकीआड गेलं.

माझ्या डोळ्याला पाणी आलं हो, खोटं कामून बोलू. पंधरा वर्षानं फोटू काढलो!

मोठा करून घेऊन गेलो चार दिवसांनी. काकांनी धरला, फिरवला, म्हागून बघितला. "शिवराज, हे नॅचरल हाय?" हौ की काका. "डोंगर कुठाय ह्यात? झाड न्हाई, धबधबा न्हाई. नॅचरल म्हणलास की!" आन पुण्यासनं वैनीचा फोन, "भावजी, खूप नॅचरल आलाय, मी स्टेटसला ठेवलाय… फक्त थोडे गोरे करा ना."

ह्या दोघांला मी चांगलं सुनावणार होतो. तोंड उघडलतं! तेवढ्यात काकूनं फोटू जवळ घेतला आन सावलीतल्या गालावर बोट फिरवलं. "लेकराचं अर्धं तोंड कुठाय रं? वर्षातनं एकदा येत्यात. मला आख्खी बघायचीत." आन पदर डोळ्याला लावला. आता त्या माउलीला मी सावली समजावून सांगू? कुठल्या तोंडानं?

केलो. आख्खं तोंड उजळ केलो, सावली पुसलो, म्हागं धबधबा टाकलो, काका म्हणाले म्हणून दोन हरणं बी सोडलो. माझा सावलीचा फोटू लावलो दुकानाच्या काचेत. कालच एक जण गाडी थांबवून आत आला हो! मी खुर्ची पुढं केलो. तर म्हणतो कसा, "फोटू करपलाय तुमचा, काढून टाका की."

आन परवा गेलो काकाच्या घरी, सहज. म्हणलं बघू तरी धबधबा कुठं लावलाय. मोठी फ्रेम केलीय, दरवाजाएवढी. लावलीय कुठं? त्याच खिडकीत! का, तर काकाच्या टीव्हीवर सकाळी ऊन येतंय.

थांबलं बघा ऊन शेवटी. माझ्याच फोटूनं थांबवलं.